डेटा गेला म्हणण्याआधी ड्रॉवर उघडून बघा

नॅसमधून (म्हणजे नेटवर्कवर जोडलेला, डेटा साठवायचा अनेक डिस्कचा बॉक्स) काढलेली जुनी डिस्क लगेच फॉरमॅट मारून ओएलएक्सवर टाकायची घाई करू नका, एवढंच सांगायला ही पोस्ट. पण नुसतं एवढं सांगून कुणी ऐकत नाही, म्हणून औशाचा किस्सा सविस्तर लिहितो.

माझ्या मावसभावाचा औशात फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या सीझनमध्ये एकेका लग्नाचा डेटा शेदीडशे जीबी कुठंच नाही गेला, म्हणून दादानं चार टीबीच्या तीन डिस्क टाकून नॅस केलेला, रेड ५, म्हणजे एक डिस्क गेली तरी बाकीच्या दोघींवरून डेटा परत उभा राहतो आणि वापरायला आठ टीबी मिळतात. आणि वरून एनक्रिप्शन, म्हणजे पासवर्डाशिवाय डेटा वाचताच येत नाही. लोकांच्या लेकीसुनांचे फोटो आहेत, उद्या कुणी बॉक्सच उचलून नेला तर ते कुठं फिरतील सांगता येत नाही, हे त्याचं कारण आणि मला ते पटतं. पण त्या नॅसवर लग्नांपेक्षा मोलाचं एक फोल्डर होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर काकांनी किल्लारी, सास्तूर भागात फिरून काढलेल्या निगेटिव्हचे स्कॅन, आणि २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हाचे दादाचे स्वतःचे फोटो. निगेटिव्हना बुरशी लागून त्या कधीच्या गेल्या, त्यामुळं स्कॅन हेच मूळ.

जागा संपत आली म्हणून चारच्या जागी आठ टीबीच्या डिस्क टाकायचं ठरलं. रेड ५ मध्ये हे एकेक डिस्क बदलून होतं. एक काढायची, नवी टाकायची, बॉक्स बाकीच्या दोघींवरून नवीवर सगळं परत उभं करतो, ते झालं की पुढची. तिन्ही बदलल्याशिवाय जागा काही वाढत नाही. पहिली बदलली, झालं. दुसरी बदलली, रिबिल्ड (हेच परत उभं करणं) निम्म्यावर आलं आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी बसलेली होतीच. लाईट आल्यावर बॉक्स चालू झाला, रिबिल्ड पुढं सुरू झालं, आणि मग तिसरी जुनी डिस्क वाचताना एरर द्यायला लागली. आता यात नशीब बिशीब काही नाही. तिन्ही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, सारख्याच घासलेल्या, आणि रिबिल्डमध्ये प्रत्येक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा, वाचावा लागतो, जो एरवी वर्षानुवर्षं कुणी वाचत नाही. जुनं दुखणं बाहेर पडायची वेळ हीच असते. बॉक्सनं ती डिस्क बाहेर काढली, तीनपैकी दोन सदस्य नाहीत म्हटल्यावर व्हॉल्यूम बंद, आणि स्क्रीनवर एकच बटण, इनिशियलाईझ, म्हणजे सगळं कोरं करून नव्यानं सुरू करा.

ते बटण दादानं दाबलं नाही हे त्याचं मोठेपण. लातूरला एका दुकानात घेऊन गेला, तिथं त्यांनी एकेक डिस्क विंडोजला जोडून रिकव्हरी सॉफ्टवेअर फिरवलं आणि एकही फोटो सापडला नाही म्हणून सांगितलं. मग मला फोन, "अरे सगळं गेलं म्हणायलेत दुकानवाले, बघ बरं तू एकदा."

आता ते सॉफ्टवेअर काय शोधतं, तर जेपेगची सुरुवात कशी असते तो नमुना. एनक्रिप्टेड डिस्कवर तसा नमुना दिसणारच नाही, सगळा गाळ दिसतो, आणि तसा दिसावा म्हणूनच तर एनक्रिप्शन असतं. त्यात रेड ५ मध्ये एका डिस्कवर प्रत्येक फाईलचे तुकडेच. सापडलं असतं तर मलाच नवल वाटलं असतं. बहुतेक घरगुती नॅसच्या आत साधं लिनक्स असतं: खाली डिस्क एकत्र बांधणारं एमडी रेड, त्यावर जागेचे भाग पाडणारं एलव्हीएम, एनक्रिप्शन असेल तर त्यावर बहुधा लक्स, आणि सगळ्यात वर फाईली मांडून ठेवणारं ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस. त्यामुळं बॉक्सवाचून कुठल्याही पीसीवर उबंटूच्या पेनड्राईव्हवरून हे थर सहसा खालून वर उघडता येतात, घाई न करता.

मी पहिलं विचारलं, काढलेल्या जुन्या डिस्क कुठं आहेत? टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, बबल रॅपसकट. तिथंच माझा निम्मा जीव भांड्यात पडला.

सगळ्यात आधी आजारी डिस्कची कॉपी. जीएनयू डीडीरेस्क्यू हे काम फार शहाणपणानं करतं, चांगला भाग आधी ओढून घेतं, खराब जागा मॅपफाईलमध्ये लिहून ठेवतं आणि शेवटी त्या जागांशी झटापट करतं. मधे लाईट गेली तरी मॅपफाईलवरून तिथूनच पुढं. चार टीबी धड असेल तर आठ-नऊ तासात होतं, पण खराब भागात तासभर एकाच आकड्यावर बसतं आणि आपण टेबल फॅन लावून बघत बसायचं. शेवटी चार टीबीमधला फक्त तीनशे केबीच्या आतला भाग वाचता आला नाही. म्हणजे ज्या डिस्कला मेली म्हणत होते ती जवळजवळ सगळी हाताला लागली.

मग एमडीएडीएमचं, म्हणजे लिनक्सवर रेड जोडणाऱ्या प्रोग्रामचं, एक्झामिन चालवलं. प्रत्येक सदस्यावर इव्हेंट्स नावाचा आकडा असतो, कोण कधीपर्यंत सोबत होतं ते त्यावरून कळतं. नवी पहिली डिस्क आणि आजारी तिसरीची कॉपी, दोघींचा आकडा अगदी जवळजवळ. रेड ५ ला तीनपैकी दोन बस्स. ओव्हरले लावून, म्हणजे लिहायचं काही निघालंच तर ते वेगळ्या फाईलीत जातं आणि डिस्कला हात लागत नाही, फोर्सनं जोडलं. जोडलं गेलं! एलव्हीएम चालू केलं, त्यावर लक्सचा हेडर, म्हणजे की ठेवलेला सुरुवातीचा भाग, दिसला. इथं दादाला चहा सांगायला सांगितलं, आणि तिथंच गाडी अडकली.

पासवर्ड टाकला तर उत्तर आलं, नो की अव्हेलेबल विथ धिस पासफ्रेज. परत टाकला, तेच. दादा शपथेवर सांगायला की हाच पासवर्ड आहे, स्टुडिओच्या नावापुढं काकांचं जन्मसाल. आणि तो खरंच बोलत होता. काही बॉक्स आपण टाईप केलेला पासवर्ड लक्सला जसाच्या तसा देत नाहीत, आधी त्याचा हॅश काढतात, म्हणजे ठरलेल्या गणितानं त्यातून वेगळीच अक्षरं बनवतात, आणि तो हॅश हाच लक्ससाठी पासवर्ड असतो. बॉक्सच्या बाहेर खरा पासवर्डसुद्धा खोटा ठरतो तो यामुळं, आणि किती जणांनी इथंच हात टेकले असतील कुणास ठाऊक. पण एनक्रिप्शन चालू करताना बॉक्स एक की-फाईल, म्हणजे पासवर्डाच्या जागी चालणारी किल्लीची फाईल, उतरवून घ्यायला सांगतो. ती स्टुडिओच्या जुन्या पीसीवर डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडलेली होती, लग्नपत्रिकांच्या पीडीएफच्या गर्दीत. मी आधी नोटपॅडमध्ये उघडून आतली ओळ कॉपी करून नवी फाईल केली, ती चालली नाही कारण शेवटी एंटरचं एक अक्षर जास्त गेलं आणि लक्स की-फाईल अगदी शेवटच्या बाईटपर्यंत धरतं. मूळ फाईल जशीच्या तशी दिली, उघडलं.

पुष्कळांना वाटतं एनक्रिप्शन आहे म्हणजे एक सेक्टर गेला की सगळं गेलं. तसं नाही. लक्समध्ये सहसा एईएस एक्सटीएस नावाची पद्धत असते, त्यात प्रत्येक सेक्टर स्वतंत्र, जो गेला तेवढाच गेला. खरी भीती हेडरची. डेटा उघडणारी की (किल्ली) जिथं ठेवलेली असते तो भाग मुद्दाम चार हजार पट पसरवलेला असतो, ५१२ बिटांची की अडीचशे केबी जागा खाते, आणि त्यातला एक बिट जरी बदलला तरी ती की कामातून जाते, पासवर्ड बरोबर असला तरी. म्हणून लक्सहेडरबॅकअप नावाची कमांड आहे, काही एमबीची फाईल बनते. व्हॉल्यूम उघडल्या उघडल्या पहिलं काम ते केलं आणि मगच ईएक्सटी४ रीड-ओन्ली, नोलोड लावून, म्हणजे डिस्कवर काहीही न लिहिता, माउंट केलं.

किल्लारी फोल्डर पहिल्यांदा कॉपी झालं. दादा पाठीमागं उभा राहून एकेक फोटो उघडायला लावत होता, अरे पुढं होऊ दे कॉपी तरी.

राहिलेले तीनशे केबी. इथं ड्रॉवर कामाला आला. काढलेली दुसरी डिस्क ज्या क्षणी काढली त्या क्षणापर्यंतचा डेटा तिच्यावर शाबूत, म्हणून नवी पहिली आणि जुनी दुसरी अशी जोडी ओव्हरलेवर वेगळी जुळवली, तीही उघडली, आणि मॅपफाईलमधल्या खराब जागा ज्या फाईलींवर येत होत्या त्या इथून धड उचलल्या. अट एकच, डिस्क काढल्यानंतर त्या जागेवर नवीन काही लिहिलेलं नको. जुन्या फाईलींना ती अट आपोआप पाळली गेलेली.

पण दादा रिबिल्ड चालू असतानाच निलंग्याचं एक लग्न नॅसवर टाकत होता. त्यातले हळदीचे काही फोटो त्या खराब जागेत आले, जुन्या डिस्कवर ते असायचा प्रश्नच नाही आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या लग्नाला फॉरमॅट झालेलं. ते फोटो वरून छान आणि कमरेखाली राखाडी दिसतात. अल्बममध्ये क्रॉप करून बसवू म्हणतोय. नवरीच्या बापाला फोन तू कर, कॉम्प्युटरचं तुला नीट सांगता येतं असं दादाचं म्हणणं आहे, आणि मी अजून हो म्हटलेलं नाही.