विल्सनसाहेबांचं हिब्रू व्याकरण

शनिवार, रात्री

विल्सन कॉलेज म्हटलं की चौपाटीसमोरची दगडी इमारत आठवते. तिला ज्यांचं नाव आहे त्या डॉ. जॉन विल्सन यांनी बेने इस्रायलांसाठी, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांसाठी, चक्क मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, हे मात्र फारसं कुणाच्या गावीही नसतं. पुस्तक 1832 चं. विल्सन स्कॉटलंडचे मिशनरी, 1829 मध्ये मुंबईत उतरले, कोकणात हर्णैला राहून मराठी शिकले. तीनच वर्षांत एका परक्या भाषेतून दुसरी परकी भाषा शिकवायला छाती लागते.

हेतू उघड होता. कोकणातले हे 'शनवार तेली' शनिवारी घाणा बंद ठेवत, आठव्या दिवशी मुलाची सुंता करत, 'शमा इस्राएल' ही देव एकच असल्याचं सांगणारी प्रार्थना म्हणत; पण हिब्रू वाचणारा विरळाच. सणांची नावंही मराठी. पेसाख, म्हणजे आंबवलेलं न खाण्याचा सण, तो 'अनशी ढाकण्याचा सण', कारण त्या दिवसांत आंबट चटणीचं भांडं झाकून ठेवायचं. आव या यहुदी महिन्यातल्या नवमीचा उपास तो 'बिरड्याचा रोजा', वालाच्या बिरड्यावर सुटणारा. मिशनचा हिशेब असा: या मंडळींना जुना करार मुळातून वाचू द्या, संदेष्ट्यांची भाकितं ताडून पाहू द्या, ख्रिस्त आपसूक पटेल.

शिकवण्यातली मेहनत मोठी. अक्षरं 22, त्यांतली 5 शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात, आणि वाचायचं उजवीकडून. काना-मात्रा-वेलांटीची सवय असलेल्या मुलाला स्वरचिन्हं जड जात नाहीत. अडतं ते टिंबापाशी. 'बेत' या अक्षराच्या पोटात टिंब असेल तर ब, नसेल तर व. शिवाय सिनेगॉगमधल्या तोराच्या (यहुदी धर्मग्रंथाच्या) गुंडाळीत ना टिंबं ना स्वरचिन्हं, त्यामुळे पाठ आधीच पक्का नसेल तर वाचणारा तिथे हमखास अडखळतो.

अक्षरं आली, ग्रंथ उलगडला, पण बाप्तिस्मा घेणारे अगदी मोजके निघाले. मला यात नवल वाटत नाही. देव एकच, हे ज्याच्या तोंडी लहानपणापासून बसलंय त्याला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य कसं पटायचं? जुना करार हाती आला तो त्यांचाच होता. वाचून ते ख्रिस्ताकडे न जाता आपल्याच धर्मात घट्ट झाले. जात सोडणं म्हणजे सोयरीक तुटणं, ही भीतीही होतीच. सगळं श्रेय मिशनला देऊ नये, कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनीही प्रार्थनेची घडी बसवली.

पुढे जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. 1874 मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे पेसाखच्या रात्री वाचायची पोथी, निघाली. तिच्यात मात्झा, म्हणजे पेसाखची न आंबवलेली भाकरी, करण्याची चित्रं आहेत आणि करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या! ते काम घाईचंच: पिठाला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांच्या आत भाकरी भट्टीत गेली पाहिजे, नाहीतर ती आंबलेली धरतात, पेसाखला चालत नाही.

1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत समाजाची स्वतःची इस्राएली शाळा काढली. विल्सन त्याच वर्षी, 1 डिसेंबरला, मुंबईतच वारले.