कडेची एक पट्टी

महापेला आमच्या इमारतीच्या गच्चीवर ऑरगॅनिक सोलर पॅनेलं लावली आहेत. यांत सिलिकॉनऐवजी कार्बनी पदार्थ उन्हाची वीज करतात. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर छापलेली, गुंडाळी होईल अशी. उन्हापावसात ती किती टिकतात हे बघणं आमचं काम. तुलनेसाठी शेजारी एक नेहमीचं सिलिकॉनचं पॅनेलही आहे.

सगळ्यांना धास्ती होती मे महिन्याची. मे बरा गेला. पॅनेल तापलं की सिलिकॉनची वीज दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. ऑरगॅनिकला उष्णता तेवढी जाचत नाही. त्यांचे वैरी वेगळे, ओलावा आणि ऑक्सिजन. म्हणून तर वरून-खालून ते अडवणारी बॅरियर फिल्म लावून कडा सील केलेल्या असतात.

जुलैत पाऊस लागून राहिला आणि एका पॅनेलचा करंट घसरला. त्याच बॅचचं शेजारचं पॅनेल ठणठणीत. मीटिंगमध्ये सूर असा, की मटेरियल पावसाळ्यात टिकत नाही असं रिपोर्टमध्ये लिहून मोकळं व्हावं. मला ते पटेना. मटेरियलच दोषी असतं तर दोन्ही पॅनेलं खचायला हवी होती.

उघडीप मिळाली तशी टेक्निशियन दादांना घेऊन वर गेले.

"मॅडम, लवकर आटपा, खाडीकडून काळं करून येतंय."

अशा हवेत नुसता करंट मोजून भागत नाही. ढगाच्या कडेतून ऊन आलं की ऊन मोजणारा पायरॅनोमीटर चौरस मीटरला १००० वॅटच्याही वर जातो आणि बघता बघता २०० वर येतो. म्हणून करंट आणि ऊन एकाच क्षणी मोजायचं आणि मग भागाकार करायचा. दादा ऊन सांगत होते, मी करंट-व्होल्टेजचा आलेख काढणारा ट्रेसर चालवत होते. व्होल्टेज जवळपास पूर्वीइतकंच, करंट मात्र निम्म्यावर. मटेरियल सगळीकडे खराब झालं की बहुधा व्होल्टेजही उतरू लागतं. इथे तसं काही दिसत नव्हतं.

मग ओणवी होऊन भिंगातून कडा बघितल्या. वीज बाहेर नेणारी तांब्याची पट्टी जिथून निघते त्या कोपऱ्यात सील नखाएवढं उचललं होतं. तिथून पुढे कडेच्या छापील पट्टीवरचा चांदीचा थर अर्ध्या लांबीपर्यंत पिवळट-तपकिरी पडलेला. बाकीच्या पट्ट्या अगदी नव्यासारख्या.

पॅनेलवर शेजारी शेजारी छापलेली प्रत्येक पट्टी म्हणजे एक सेल. या पट्ट्या सिरीजमध्ये, एकीपुढे एक जोडलेल्या असतात, म्हणजे सगळ्यांतून करंट एकच वाहतो. एकीने हात आखडता घेतला की बाकीच्यांची ताकद वाया. ओलावा पट्ट्यांच्या टोकांकडून शिरला असता तर प्रत्येकीचा थोडाथोडा भाग गेला असता आणि पॅनेल तग धरून राहिलं असतं. इथे तो पट्टीच्या लांबीने आत शिरला आणि एकाच पट्टीवर सगळा घाव बसला.

"दादा, चांगल्या पॅनेलची हीच पट्टी अर्धी झाका." त्यांनी काळी टेप लावली. मी पुन्हा ट्रेसर चालवला. करंट निम्म्यावर, व्होल्टेज जागच्या जागी. टेप काढली, करंट परत आला. "म्हणजे माल चांगलाय, चिकटवलाय वाईट," दादा म्हणाले. मला एवढा आनंद झाला की पहिली सर अंगावर आली तरी मी फोटो काढतच होते.

शास्त्रज्ञ चिंग टँग यांनी १९८६ साली अशा ऑरगॅनिक सेलची जेमतेम एक टक्का कार्यक्षमता दाखवली होती; आज प्रयोगशाळेतले छोटे सेल वीस टक्क्यांच्या घरात आहेत. एवढ्या वर्षांच्या मेहनतीवर कोपऱ्यातल्या सुटलेल्या सीलपायी काट मारणं हा अन्याय आहे, आणि मी तो होऊ देणार नव्हते. दुपारी सरांपुढे दोन्ही आलेख ठेवले. ते वाक्य रिपोर्टमधून गेलं.

पुढच्या बॅचसाठी आम्ही कडेला रुंद मोकळी जागा मागितली आहे आणि तांब्याची पट्टी बाहेर येते तिथे ब्युटाइल रबराचं जाड सील. जुनं पॅनेल मी काढू दिलेलं नाही. ओलावा दुसऱ्या पट्टीपर्यंत कधी पोचतो ते मला मोजायचं आहे.