हरणाचे पैसे मिळाले, गिअरबॉक्सचे नाहीत

मागच्या महिन्यात अमळनेरहून धाकट्या काकांचा फोन आला. बाजार समितीबाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या साडेचार वर्षांच्या गाडीला ट्रॅक्टरची ट्रॉली घासली, मागचे दार चेपले, बंपर फुटला आणि ट्रॉलीवाला न थांबता निघून गेला. ''तू तिकडे विम्याच्या पैशांत गाडी नवी करून घेतलीस ना? मग इथे हप्ता भरूनही खर्च माझ्याच खिशातून का? मंग इमा कसाले काढा?''

काकांना अर्धीच हकीगत ठाऊक होती. ओहायो राज्यातील कोलंबस शहराबाहेर, नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी, माझ्या गाडीसमोर अचानक हरीण आले. हा त्यांच्या माजाचा काळ असल्याने या दिवसांत असे अपघात इथे नेहमीच होतात. बोनट, दिवा आणि बंपर मिळून दुरुस्ती ४,२०० डॉलरची निघाली. त्यातले पहिले ५०० डॉलर करारानुसार माझे, बाकीचे ३,७०० विमा कंपनीने दिले. त्यानंतर चारच महिन्यांनी त्याच गाडीचा गिअरबॉक्स गेला, बिल ३,१०० डॉलर झाले आणि कंपनीने एक डॉलरही दिला नाही. मी रागाने फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी शांतपणे एकच प्रश्न विचारला: ''गाडीवर बाहेरून काय आदळले?'' काहीच आदळले नव्हते. झिजेने किंवा यंत्रातल्या बिघाडाने झालेले नुकसान नेहमीच्या विम्यात बसत नाही, मग बिल कितीही मोठे असो.

इथे लोक 'फुल कव्हरेज' म्हणतात आणि आपल्याकडे 'फुल इन्शुरन्स'. माझ्या मते घोटाळ्याचे मूळ या 'फुल' शब्दातच आहे, कारण त्या नावाची एक पॉलिसी नसते. एकाच कागदावर निरनिराळे करार असतात. ओहायोत कायद्याने सक्तीचा असतो तो दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, आणि त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी किमान २५,००० डॉलरची तरतूद लागते. स्वतःची गाडी दुरुस्त करून हवी असेल तर 'कोलिजन' आणि 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' हे दोन भाग वेगळे घ्यावे लागतात. हरणाला धडक, गारपीट, चोरी ही प्रकरणे कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये मोडतात. पण हरणाला चुकवण्यासाठी वळण घेतले आणि गाडी झाडावर गेली, तर तेच प्रकरण कोलिजनमध्ये जाते. ज्याने फक्त कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतले आहे, त्याला झाडाचे पैसे मिळत नाहीत. (हे मला हरणाच्या आधी कोणी सांगितले नव्हते.)

आपल्याकडेही विभागणी अशीच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. स्वतःच्या गाडीसाठी 'ओन डॅमेज' हवा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, मात्र त्यासोबतचा ओन डॅमेज अनेकदा एकाच वर्षाचा असतो. कागदावरची तीन वर्षांनंतरची तारीख पाहून निर्धास्त राहणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

काकांचा ओन डॅमेज चालू होता, म्हणजे ट्रॉलीचे नुकसान त्यात बसत होते. तरीही मी त्यांना आधी हिशेब करायला सांगितले. बंपर ८,००० रुपयांचा आणि दार १२,००० चे. प्लॅस्टिकवर निम्मा घसारा (वापरामुळे घटलेली किंमत), म्हणून ४,००० कमी. चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर ३५ टक्के, म्हणून ४,२०० कमी. लहान गाडीची सक्तीची वजावट १,०००. कंपनीकडून हाती येणार १०,८०० आणि वर मजुरीची रक्कम. घसारा कापला जाणार, कारण ही कपात टाळणारी झिरो डेप्रिसिएशनची जोड काकांनी घेतली नव्हती. दुसरीकडे चार वर्षे क्लेम न केल्याने त्यांना ओन डॅमेजच्या हप्त्यात ४५ टक्के सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, मिळत होता आणि पुढच्या वर्षी तो ५० टक्के झाला असता. क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि मग २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्यांनी पुन्हा ५० वर चढायला पाच वर्षे लागतात. त्यांचा ओन डॅमेजचा हप्ता सवलतीपूर्वी ८,००० रुपये आहे. तो तितकाच राहील असे धरले, तर या चढणीत एकूण १०,००० रुपयांची सवलत जाते. म्हणजे सुट्या भागांचे जे मिळणार, जवळजवळ तेवढेच हप्त्यांतून परत द्यायचे. मजुरी मोठी नसेल तर असा क्लेम करण्यात मला शहाणपण दिसत नाही.

पुराची गोष्ट वेगळी. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात पाणी शिरले आणि कन्नड घाटात दरड कोसळली, तशा प्रसंगी ओन डॅमेज असलेल्यांना दोन्हींचे संरक्षण असते. मात्र पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू पाहिली आणि पाणी इंजिनात ओढले गेले, तर ते नुकसान पुराचे थेट नव्हे, नंतरच्या कृतीचा परिणाम मानून नाकारले जाते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची जोड वेगळी घ्यावी लागते.

मजुरी फारशी निघाली नाही, तेव्हा काकांनी दार आणि बंपर स्वतःच्या पैशांनी करून घेतले. चाळीसगावात तितूर नदीजवळ राहणाऱ्या लेकीच्या गाडीची पॉलिसी मात्र त्यांनी मागवून पाहिली, आणि यंदाच्या नूतनीकरणात इंजिन प्रोटेक्ट लिहून घेतले.