दहा मिनिटे कोणाची?

चाकणच्या ज्या कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात काम करतो, तिथे कॅन्टीनच्या वरच्या मजल्यावर एक व्यायामशाळा आहे. दोन ट्रेडमिल, एक सायकल, डंबेल्सचा संच, भिंतभर आरसा आणि दाराशी दोरीने पेन बांधलेली नोंदवही, असा तिचा थाट आहे. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि आरशासमोर उभ्या असलेल्या व्यवस्थापकांचे छायाचित्र वार्षिक अहवालातही छापून आले. वर्षभराने आरोग्य विम्याच्या नूतनीकरणासाठी आकडे जुळवताना मी ती नोंदवही चाळली, तेव्हा साडेसहाशे माणसांच्या कारखान्यात पानोपानी तीच चौदा नावे दिसली. त्यांतील बहुतेक जण व्यायामशाळा होण्यापूर्वीही पहाटे पळायला जाणारे आणि रविवारी गड चढणारे होते.

उरलेल्यांना व्यायामाची आवडच नाही, असा निष्कर्ष बैठकीत चटकन निघाला. मी पॅकिंगमधील एका ताईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “साहेब, वर यायला माझी ना नाही, पण सव्वातीनची बस माझ्यासाठी थांबणार आहे का?” पहिली पाळी तीनला सुटते, बस सव्वातीनला निघते आणि ती चुकली, तर पदरच्या पैशाने शेअर रिक्षा गाठावी लागते. व्यायामशाळेचा नकाशा मंजूर करणाऱ्यांपैकी एकानेही बसचे वेळापत्रक पाहिले नव्हते, आणि त्या मंजुरीवर माझीही सही होती.

आमचीच ही गत असती, तर मी ती आमच्या ढिसाळपणाच्या खाती टाकली असती. पण अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्याच जवळजवळ ५,००० कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून एका गटाला आरोग्य कार्यक्रम देऊ केला, तेव्हा त्यात उत्साहाने उतरणाऱ्यांचा औषधपाण्याचा खर्च आधीपासूनच कमी असल्याचे आढळले. दोन्ही गटांची सरळ तुलना केल्यावर पहिल्या वर्षात ना वैद्यकीय खर्चात फरक दिसला, ना रजांमध्ये. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या प्रयोगात एका अमेरिकी दुकान-साखळीच्या १६० शाखांतील सुमारे ३३,००० कर्मचारी होते. दीड वर्षानंतर लोक आपण नियमित व्यायाम करतो असे अधिक प्रमाणात सांगू लागले, परंतु रक्तदाब, कोलेस्टेरॉल, खर्च आणि गैरहजेरी यांत म्हणण्याजोगा बदल नव्हता. असे असूनही, एक डॉलर घाला आणि वैद्यकीय खर्चात सव्वातीन डॉलर वाचवा, हा २०१० च्या एका आढाव्यातील आकडा सल्लागार कंपन्यांच्या सादरीकरणांत आजही झळकतो. मालकाचा फायदा सांगायचा, तर या आकड्यावर मी तो सांगणार नाही.

यापेक्षा मला लंडनच्या बसगाड्यांची गोष्ट अधिक पटते. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ मध्ये दाखवून दिले, की दुमजली बसचा जिना दिवसभर चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना, बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो. मुंबईत बेस्टच्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावरून तिकिटाच्या पंचचा खटखट आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हा वाहक ताबडतोब डोळ्यांसमोर येईल. पुढे मॉरिस यांनीच गणवेशाच्या पँटची कंबरेची मापे तपासली आणि चालक तरुणपणापासूनच अधिक जाड असल्याचे निघाले, म्हणजे आमच्या चौदा नावांचाच हा जुना भाऊबंद. तरीही सारख्या बांध्याच्या माणसांची तुलना केल्यावर वाहकच बरे ठरले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या वाहकाचा जिना त्याच्या पगारी वेळेत होता.

म्हणून आम्ही पाळीच्या आरंभी जागेवरच दहा मिनिटांचा व्यायाम सुरू करायचे ठरवले. जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर असा व्यायाम चालतो आणि तिथल्या कारखान्यांत तो रुळलेला आहे. आमचा पहिला प्रस्ताव मात्र पाळीच्या आधी दहा मिनिटे येण्याचा होता. युनियनच्या सेक्रेटरींनी तो वाचून एवढेच विचारले, “व्यायाम कंपनीसाठी असेल, तर हजेरीचा पंच झाल्यावर घ्या, आमच्यासाठी असेल, तर आम्ही घरी करू.” उत्पादन विभागाने लगोलग हिशेब मांडला, की पहिल्या पाळीतील २४० माणसांची दहा मिनिटे म्हणजे रोज चाळीस मनुष्यतास. दोन महिने या चाळीस तासांवर वाद चालला आणि अखेर पंच झाल्यावरच व्यायाम सुरू झाला.

खांदे, मान, कंबर, पोटऱ्या, मनगटे, एवढाच तो व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते आणि आमची सहा दिवसांची बेरीज होते ६० मिनिटे, तीही सौम्य, तेव्हा यातून कोणाचे हृदय बळकट होईल असा दावा मी करत नाही. खरा उपयोग वेगळ्याच बाजूने झाला. हालचाली शिकवायला आलेल्या फिजिओथेरपिस्ट बाई आधी अर्धा दिवस पॅकिंगच्या लाइनवर नुसत्या उभ्या राहिल्या. खोकी जमिनीलगतच्या पॅलेटवरून उचलताना प्रत्येक बाई कंबरेतून वाकते, हे पाहून त्यांनी पॅलेटखाली हातभर उंचीची लोखंडी चौकट बसवायला सांगितली. आमच्याच फॅब्रिकेशन विभागाने भंगारातल्या अँगलपासून ती दोन दिवसांत केली. मी ती चौकटही व्यायाम कार्यक्रमाच्या खर्चातच धरतो.

कार्यालयीन मंडळींसाठी आयुष मंत्रालयाचा पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’ घेतला, तो बरा चालतो. पावलांची स्पर्धा मात्र दुसऱ्याच आठवड्यात बुडाली, कारण एका गृहस्थांनी आपला पावले मोजणारा पट्टा ऑफिस बॉयच्या मनगटावर बांधून दिला होता. वजन घटवण्याच्या स्पर्धेत नावानिशी वजनांची यादी फलकावर लावली, ही तर आमची निव्वळ चूक होती. त्या दिवशी लेखा विभागातील एक जण जेवायला कॅन्टीनमध्ये आलाच नाही आणि संध्याकाळी मी ती यादी स्वतः काढली.

इलिनॉयच्या प्रयोगात एक गोष्ट मात्र बदलली होती: व्यवस्थापनाला आपल्या आरोग्याची पर्वा आहे, असे अधिक कर्मचाऱ्यांना वाटू लागले होते. आमच्याकडे ते मोजायचे साधन नाही. पण कारखान्याच्या दवाखान्यात कंबरदुखीच्या स्प्रेचे खोके पूर्वी महिनाअखेरीच्या आधीच संपत असे, ते आता उरते, आणि ते दहा मिनिटांमुळे की चौकटीमुळे, हे मला वेगळे काढता आलेले नाही. रात्रपाळीला अजून दोन्ही मिळालेले नाही, कारण तिची लाइन वेगळी आहे. त्यांचा अर्ज उत्पादन विभागाकडे आहे, मनुष्यतासांचा हिशेब पुन्हा मागवला गेला आहे, आणि या वेळी मी त्या तक्त्याला स्प्रेच्या डब्यांचाही एक रकाना जोडला आहे.