दुसऱ्याच्या मापाचं घर

घर घ्यायचं नसतं, गावही बदलायचं नसतं, तरी माणूस रात्री साडेअकराला विक्रीला काढलेली घरं बघत बसतो. आणि तीही साधी नाहीत, तऱ्हेवाईक. दोन खोल्या आणि पाच संडास, मनोऱ्यातलं स्वयंपाकघर, कमोडच्या पायापर्यंत अंथरलेला गालिचा. (हा गालिचा कुणाला सुचला असेल, याचा विचार जेवणानंतर लगेच करू नये.)

अशी घरं शोधायला थोडी युक्ती लागते. संकेतस्थळावर ‘विचित्र’ असा रकाना नसतो. म्हणून खोल्यांच्या संख्येचा फिल्टर काढून टाकायचा, घराच्या प्रकारात ‘इतर’ निवडायचं आणि यादी उलटी लावायची, म्हणजे सगळ्यांत जुनी जाहिरात वर येते. वर्षभर पडून राहिलेल्या घराची एक तर किंमत अवाच्या सवा असते, नाहीतर आत काहीतरी असतं. मजकूर वाचताना विशेषणांवरून नजर तशीच पुढे न्यावी. विशेषणं दलालाची असतात, नामं घराची. ‘आगळंवेगळं’, ‘स्वप्नवत’ यांतून काहीच कळत नाही. पण ओळीच्या शेवटी ‘पंप’ असा शब्द आला, तर थांबावं. राहत्या घराला पंप कशाला, हा प्रश्न फार फलदायी असतो.

मग फोटो. १६ मिलिमीटरच्या भिंगातून फुल-फ्रेम (म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याला आडवं जवळजवळ ९७ अंश दिसतं, २४ मिलिमीटरमधून ७४. त्यामुळे माजघराचं सभागृह होतं. लबाडी पकडायला फोटोचे कोपरे बघायचे. तिथला गोल दिवा अंड्यासारखा ताणलेला दिसला, की भिंग रुंद आहे. खरं माप फरशीवरून काढावं: एका फरशीची बाजू ६० सेंटीमीटर धरली आणि भिंतीलगत सहा फरशा मोजल्या, तर खोली ३.६ मीटर. बाकी फर्निचर काहीही सांगो. आणि नकाशात असलेली पण फोटोत नसलेली खोली लक्षात ठेवावी. तीस फोटोंत नऊ सूर्यास्त आणि न्हाणीघर एकही नाही, याचा अर्थ सूर्यास्त चांगले आहेत एवढाच.

खरी मजा गोल घरांत. चार मीटर व्यासाच्या गोल खोलीचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटर भरतं, कागदावर ऐसपैस. पण तिच्या भिंतीला १.८ मीटर रुंदीचं सपाट पाठीचं कपाट लावलं, तर कपाटामागे मधोमध २१ सेंटीमीटरची पोकळी राहते. तिथे धूळ, मोजे आणि मांजर. म्हणून पवनचक्कीतल्या किंवा दीपगृहातल्या घराच्या फोटोंत पलंग खोलीच्या मध्यावर, बेटासारखा दिसतो. हौस म्हणून तो तिथे ठेवलेला नसतो. त्रिकोणी घराचंही तसंच. पायथा सात मीटर आणि छताचा उतार ६० अंशांचा असेल, तर अडीच मीटर उंचीवरच्या माळ्याची रुंदी उरते ४.१ मीटर, आणि त्यात १.८ मीटर उंचीच्या माणसाला ताठ उभं राहता येईल असा जेमतेम दोन मीटरचा पट्टा. म्हणून माळ्याचे फोटो बहुधा बसून काढलेले असतात.

मात्ती सुरोनेन या फिनिश वास्तुरचनाकाराचं १९६८चं ‘फ्युतुरो’ म्हणजे आठ मीटर व्यासाची, पायांवर उभी असलेली फायबरग्लासची तबकडी. ती मुळात बर्फावर घसरायला जाणाऱ्यांच्या मुक्कामासाठी होती. सोळा तुकडे जोडून कवच होतं, आणि म्हणून बघायचे ते सांधेच. जमिनीखालचं टोक गाठायचं, तर अमेरिकेतली ॲटलस-एफ क्षेपणास्त्रं ठेवण्यासाठी खोदलेली विवरं आहेत: सुमारे ५३ मीटर खोल, १६ मीटर रुंद. १९६५मध्ये ती निकामी ठरली आणि पुढे काही खासगी हातांत गेली. बेवारस विवरांत भूजल साचत गेलं. पंप कशाला, त्याचं उत्तर हे. जाहिरातीत मात्र शेजारचा नियंत्रण कक्षच झगमगतो. विवराचा फोटो वरून काढलेला, आणि तळाला जे काळंभोर चमकतं त्याला सावली समजायचं.

जुन्या चर्चची घरं करतात, तेव्हा चूक बहुतेक एकाच जागी होते. उंच खिडकीच्या मधोमध नवा मजला घातला जातो. खालच्या खोलीला कमान नसलेली खिडकी मिळते, आणि वरच्या खोलीत जमिनीलगत सुरू होणारी नुसती कमान. घरातल्या पोहण्याच्या तलावाचं गणितही अनेकांचं चुकतं. हवा पाण्यापेक्षा एखाद-दोन अंश गरम ठेवली नाही तर बाष्पीभवन वाढतं, आणि ती वाफ थंड काचेवर पाणी होऊन बसते. फोटोतल्या निळ्या पाण्यावर भुलू नये, खिडकीच्या वरचा रंग सोललाय का ते बघावं.

हे सगळं कुणाच्या तरी मापाने बेतून शिवलेलं असतं. गंमत आणि पंचाईत दोन्ही तिथेच. वास्तुरचनाकार ईरो सारिनेन यांच्या अमेरिकेतल्या १९५७च्या मिलर हाउसमधली जमिनीत उतरलेली बैठक प्रसिद्ध आहे. तिच्या अनेक नकला मात्र पुढे भरून टाकल्या गेल्या, कारण माणसं त्यात पडत. दिवाणखान्याच्या मधोमध फळ्यांचा एक चौकोन वेगळ्या दिशेने बसवलेला दिसला, तर खाली तो खड्डा असू शकतो.

न विकलेलं घर सहा महिन्यांनी पुन्हा यादीत येतं. जांभळ्या भिंती पांढऱ्या झालेल्या, गालिचा निघालेला, पहिला फोटो आता बागेचा. तिसऱ्या खेपेला सामानही नाही. गोल खोली तेवढी गोलच असते, आणि पलंग हलवल्यावर मधोमध, फरशीच्या चार फिकट ठिपक्यांवरून, तो कुठे होता ते दिसतं.