आमची वाटचाल : नागपूरच्या उन्हात टिकणाऱ्या गाई

कळमेश्वर, सावनेर, काटोल आणि हिंगणा या तालुक्यांत आमच्याकडे काम करणारी मुलं रोज गोठ्यागोठ्यांवर फिरतात. कृत्रिम रेतन करायचं, संकरित कालवडी वाढवायच्या आणि प्रत्येक गाईची नोंद ठेवायची, एवढंच आमच्या छोट्या फर्मचं काम. सुरुवातीला भाड्याची एक खोली होती, वळूचं वीर्य गोठवून ठेवायला द्रव नत्राचा एक मोठा कंटेनर आणि मोटारसायकलवर बांधायचा तीन लिटरचा छोटा. मी दुग्धव्यवसायाची पदविका घेतलेला माणूस. आजारी जनावर आम्ही पशुवैद्यकाकडेच पाठवतो, ही रेघ आम्ही पहिल्या दिवसापासून पाळली आहे.

गावाच्या दारापर्यंत संकर पोहोचवण्याची वाट महाराष्ट्रात मणिभाई देसाईंनी घालून दिली. 1967 साली उरुळीकांचनला त्यांनी बायफ या संस्थेची स्थापना केली. आमच्या भागात मात्र दुधाचा हिशेब बराच काळ चहापुरता आणि शेणखतापुरताच होता. शेतकरी बैलासाठी गाय पाळायचा. 2016 मध्ये विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प सुरू झाला, मदर डेअरीचं संकलन गावांत आलं, आणि दुधाला रोजचं गिऱ्हाईक दिसल्यावर गाईच्या जातीबद्दल लोक विचारायला लागले. आमचा धंदा त्याच लाटेवर उभा राहिला.

विचारणा बहुतेक एकाच धर्तीची असायची, एचएफची, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी दुधाळ जातीची. ‘भाऊ, मोठी एचएफच टाकजो, बाकी काई नको.’ असं म्हणणाऱ्या काकांचं गणित सरळ होतं: एचएफ म्हणजे जास्त दूध, मग जितकं एचएफचं रक्त जास्त तितकं बरं. थंड मुलखात हे चालतं. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. पाऊणपेक्षा जास्त विदेशी रक्ताची गाय अशा उन्हात तोंड उघडून धापा टाकते, खुराक सोडते, दूध कमी करते. त्याहून वाईट म्हणजे तिचा माज मुका होतो. ती माजावर आलेली कळतच नाही, कळली तरी उलटते, म्हणजे भरूनही गाभ धरत नाही, आणि वर्ष भाकड जातं. काकांना आम्ही हे सांगितलं ते दुधाच्या वहीवरून नाही, दोन वेतांतल्या अंतरावरून. दर तेरा-चौदा महिन्यांनी विणारी बारा लिटरची गाय, दोन वर्षांनी एकदा विणाऱ्या वीस लिटरच्या गाईपेक्षा घर जास्त चांगलं चालवते. माझ्या लेखी आमच्या सगळ्या कामाचं सार यातच आहे.

म्हणून आम्ही विदेशी रक्ताचं प्रमाण 50 ते 62.5 टक्क्यांच्या आसपास ठेवतो. हे साडेबासष्ट कुठून येतं? गावठी गाईला शुद्ध एचएफ किंवा जर्सीची कांडी (वळूच्या गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) भरली की पाडी निम्म्या रक्ताची. तिला पुन्हा शुद्ध एचएफ दिलं तर पुढची पाडी 75 टक्के, तिची पुढची साडेसत्त्याऐंशी. पण निम्म्या रक्ताच्या गाईला 75 टक्क्यांचा संकरित वळू दिला तर वासरू 62.5 वर थांबतं. पहिल्या पिढीत दोन्हीकडचे गुण एकदम उठून दिसतात, आणि तिथेच शेतकरी फसतो. त्याला वाटतं, पुढेही असंच होईल. वळूची निवड न करता संकराला संकर जोडत गेलं की दूधही घसरतं आणि वासरंही एकसारखी निपजत नाहीत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी ही संकरित गाय मी सगळ्यांना समजावून सांगतो: निम्मं एचएफ, पाव जर्सी, पाव गीर. तीन जातींतून नेमकं काय घ्यायचं हे आधी ठरवून केलेलं ते काम आहे.

एचएफ की जर्सी हा प्रश्न आम्ही गाय बघून सोडवतो. आमच्याकडच्या गावठी गाई अंगानं बारीक. अशा पहिलारू कालवडीला एचएफ भरलं तर वासरू मोठं होतं आणि वेळेला अडतं. रात्री दोन वाजता गोठ्यात अडलेली कालवड ज्यानं पाहिली त्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. तिथे जर्सीच. वासरू लहान, आणि दुधाला फॅट चांगलं. गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरतात, आणि उन्हाळ्यात एचएफ संकराचं दूध त्याखाली घसरलं की दर कापला जातो. जर्सीचं रक्त तिथे उपयोगी पडतं.

आणि गवळाऊ? शुद्ध गवळाऊ गाईला आम्ही विदेशी कांडी भरत नाही, मालकानं कितीही आग्रह केला तरी. वर्धा-नागपूरकडची ही आपली जात, अंगानं हलकी, चालीला वेगवान. पोळ्याला सजलेल्या त्या पांढऱ्या जोड्या बघितल्या की कुणालाही कळेल. तिला गवळाऊचीच कांडी. या नियमापायी काही गिऱ्हाईकं गेली, जाऊ द्या.

रेतनाचं काम बाहेरून सोपं दिसतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. नवीन मुलाला मी आधी कंटेनर सांभाळायला शिकवतो. लाकडी पट्टी नत्रात बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथपर्यंत पांढरं दव धरेल तिथपर्यंत नत्र. कांडी उणे 196 अंशांत असते. कांड्यांचं कॅनिस्टर कंटेनरच्या मानेच्या वर क्षणभर जास्त राहिलं तरी आतलं वीर्य मरतं, आणि ते बाहेरून कुणाला दिसत नाही. कांडी 37 अंशांच्या कोमट पाण्यात 30 सेकंद, मग कोरडी पुसून, कापून, गर्भाशयाच्या मुखाच्या पार अलगद सोडायची. घाई करणारा मुलगा आमच्याकडे टिकत नाही.

कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो आम्ही गाईच्या कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकासमोर लिहितो. दोन-तीन वर्षांनी त्याच गाईची पाडी माजावर येते तेव्हा तिला तिच्या बापाचीच कांडी जाऊ नये, यासाठी ही वही. जिल्ह्यात कितीतरी गोठ्यांत हे कुणी बघत नाही, आणि अशक्त वासरं, वरचेवर उलटणाऱ्या कालवडी याचं एक कारण तिथेच सापडतं.

2022 च्या लम्पीनं, जनावरांच्या त्या त्वचारोगाच्या साथीनं, आम्हाला हादरवलं. संकरित जनावरांना तो रोग जास्त जाचला. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात फिरणारी आमचीच मुलं, म्हणून बाधित गावांतल्या फेऱ्या आम्ही स्वतःहून बंद केल्या आणि लसीकरण पुरं होईपर्यंत कमाई सोडून दिली. त्या काळात शेतकऱ्यांशी फोनवर बोलणं मुख्यतः गोचीड, माश्या आणि गोठ्याच्या स्वच्छतेवर चाले. गोचीड काढण्याची सवय तेव्हापासून लागली ती बरीच झाली, कारण संकरित गाईला गोचीडतापही गावठीपेक्षा जास्त बाधतो.

आता आमचा भर हंगामावर आहे. जमेल तितक्या गाई जानेवारी-फेब्रुवारीत भरायच्या. तेव्हा थंडी असते, माज उघड येतो, गाभ चांगला धरतो. गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा, म्हणजे वेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तोवर हिरवा चारा असतो, ऊन उतरलेलं असतं, आणि गाय भर दुधात हिवाळ्यात येते. ज्या उन्हाळ्यात वितात त्यांच्यासाठी गोठ्यावर पाचट, बाजूला ओलं बारदान आणि दिवसभर गार पाणी. कूलर लावणारेही आहेत, आणि ते पैसे वाया जात नाहीत.

लिंगनिर्धारित कांड्याही आम्ही वापरतो, ज्यांतून दहापैकी सुमारे नऊ वासरं पाड्या होतात. गाभ धरण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी, म्हणून त्या फक्त निरोगी कालवडींना आणि वेळेवर माजावर येणाऱ्या तरण्या गाईंना. उलटणाऱ्या गाईला महागडी कांडी मागितली तरी आम्ही देत नाही. आधी तिची तपासणी, खनिज मिश्रण, जंतनाशक, आणि मग पुढच्या माजाला, 21 दिवसांनी, आमचा मुलगा पुन्हा दारात येतो.