जेलमधली शेपटी

कॅन्सरवर किरणोपचार करणाऱ्या मशीनच्या एक सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटरच्या फील्डचं, म्हणजे किरणांच्या चौकोनी झोताचं, प्रोफाइल घ्यायचं होतं: कडेपासून कडेपर्यंत कुठे किती डोस पडतो त्याचा आलेख. सहकाऱ्यानं वॉटर फँटम, म्हणजे शरीराच्या जागी वापरायची पाण्याची टाकी, भरला, डोस मोजणारं नेहमीचं ०.१२५ सीसीचं आयन चेंबर लावलं आणि आलेखाचा कागद माझ्यापुढे ठेवला. कडा अगदी गुळगुळीत. पण ज्या चेंबरची पोकळीच साडेपाच मिलिमीटर रुंद, ते जेमतेम तीन मिलिमीटरची कड मोजणार कसं? डोस ८० टक्क्यांवरून २० वर उतरतो तो पट्टा, म्हणजे पेनंब्रा, ते सरासरीत बुडवून पसरट दाखवतं. हेच आकडे उपचार आखणाऱ्या प्लॅनिंग सिस्टिममध्ये भरले, तर गाठीला चिकटून असलेल्या नाजूक भागाचा हिशेबच चुकतो. यावर ‘आजवर असंच करतोय’ हे उत्तर मिळतं, तेव्हा माझं डोकं फिरतं.

म्हणून फ्रिके जेल, म्हणजे किरण पडतील तिथे रंग बदलणारं लोहाचं जेल, करायला घेतलं. मूळ द्रावण १९२७ सालापासूनचं: किरण लागले की त्यातल्या लोहाच्या फेरस आयनांचे फेरिक आयन होतात. झायलेनॉल ऑरेंज हे रंगद्रव्य घातलं, तर केशरी जेल डोसप्रमाणे जांभळं होत जातं. करताना मात्र कडक सोवळं. काचेला साबणाचा किंवा कुठल्याही सेंद्रिय पदार्थाचा अंश राहिला की वाचन फुगतं. जिलेटिन पुरेसं निवण्याआधी फेरस घातलं की किरणांविनाच रंग चढायला लागतो. ट्रेमध्ये ओतताना बुडबुडा राहिला, तर तिथला आलेख फेकून द्यायचा.

आणि हे जेल थांबत नाही. फेरिक आयन पसरत राहतात, कड बोथट होत जाते. त्यामुळे ५८५ नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग लगेच वाचायचा, अर्ध्या तासानं पुन्हा वाचायचा, आणि दोन्हींवरून मागे शून्य वेळेपर्यंत जायचं. चेंबर घेऊन बसणाऱ्यांना ही कटकट वाटते. वाटू दे.

पेनंब्रा हवा तसा अरुंद आला, डोस मोजायच्या फिल्मशीही जुळला. पण डाव्या कडेला, फील्डच्या बाहेर, एक बारीकशी शेपटी. फ्रिजमधून काढलेल्या ट्रेचं एक टोक आधी कोमट झालं असेल, असा पहिला संशय. म्हणून नवा ट्रे भरला आणि तो १८० अंशांत फिरवून ठेवला. दोष जेलचा असेल तर शेपटी ट्रेबरोबर उजवीकडे जाणार, मशीनचा असेल तर डावीकडेच राहणार.

ती बरीचशी उजवीकडे गेली. बरीचशी. डावीकडे थोडी उरलीच, आणि तिनंच मला अडकवून ठेवलंय. सर्व्हिस इंजिनिअरनं आलेख पाहिला न पाहिलासा केला: ‘टॉलरन्समध्ये आहे की!’ आहे, मान्य, चालवून घेण्याइतकाच फरक आहे. पण टॉलरन्स म्हणजे खुलासा नव्हे.

पुढच्या बॅचला ट्रे हलवणार नाही, मशीनमधला झोताला आकार देणारा भाग, कोलिमेटर, फिरवणार. उरलेली शेपटी त्याच्याबरोबर फिरली तर त्यातले जॉ, म्हणजे झोत अडवणारे धातूचे ठोकळे, तपासायचे. नाही फिरली, तर बीमच मध्यापासून सरकलाय का ते बघायचं, आणि मग त्या इंजिनिअरला पुन्हा बोलवायचं.